मूत्रपिंडातील वण आणि सोनोग्राफी: काय दिसते, काय निसटते

मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजारात, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘सीकेडी’ म्हणतात त्या आजारात, सोनोग्राफीच्या अहवालात एक वाक्य वारंवार भेटते: दोन्ही मूत्रपिंडांची एकोजेनिसिटी (पडद्यावरील चमक) वाढलेली आहे आणि कॉर्टेक्स (मूत्रपिंडाचा बाहेरचा थर) व मेड्युला (आतला थर) यांच्यातील फरक पुसट झाला आहे. पुष्कळदा त्यापुढे ‘ग्रेड १’ किंवा ‘ग्रेड २’ असाही शेरा असतो. तो वाचून मूत्रपिंडात किती वण पडले आहेत हे मोजून झाले, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात सूक्ष्म पातळीवर पसरलेला वण साध्या सोनोग्राफीला थेट दिसत नाही. वणामुळे अवयवाचा आकार, चमक, ताठरपणा आणि रक्तपुरवठा यांत जे बदल होतात ते तिला दिसतात, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक बदल वणाखेरीज अन्य कारणानेही होऊ शकतो. या तंत्राची उपयुक्तता आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी याच एका वस्तुस्थितीतून निघतात.

प्रथम वण म्हणजे काय ते पाहू. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात, जरी हा आकडा व्यक्तीगणिक बराच बदलतो. प्रत्येक नेफ्रॉनमध्ये रक्त गाळणारा सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गुच्छ, म्हणजे ग्लोमेरुलस, आणि त्याला जोडलेली लांब नलिका असते. नलिकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत केशवाहिन्या आणि थोड्या आधारपेशी असतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, ग्लोमेरुलसचा दाह किंवा मूत्रमार्गातील अडथळा यांमुळे या रचनेला पुनःपुन्हा इजा होत राहिली, की दुरुस्तीचे काम सुरू होते आणि ते थांबतच नाही. टीजीएफ-बीटासारख्या संदेशवाहक प्रथिनांच्या प्रभावाने मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी सक्रिय होतात आणि नलिकांच्या मधल्या जागेत कोलॅजन या चिवट प्रथिनाचे तंतू भरत जातात. नलिका आक्रसतात, केशवाहिन्या विरळ होतात, उरलेल्या पेशींना प्राणवायू कमी मिळतो आणि त्यातून नवी इजा होते. या प्रक्रियेला फायब्रोसिस म्हणतात. यातील एक गोष्ट प्रथमदर्शनी अनपेक्षित वाटते. मूळ आजार ग्लोमेरुलसमध्ये सुरू झालेला असला, तरी मूत्रपिंडाचे कार्य किती घटले आहे याच्याशी ग्लोमेरुलसच्या अवस्थेपेक्षा नलिकांमधल्या जागेतील फायब्रोसिसचे नाते अधिक घट्ट असते. म्हणूनच त्याचे प्रमाण कळावे यासाठी एवढा आटापिटा चालतो.

रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारा एक टाकाऊ पदार्थ) आणि त्यावरून काढलेला गाळणीचा अंदाजित वेग, म्हणजे ईजीएफआर, हे दोन्ही आकडे मूत्रपिंड आज किती काम करते ते सांगतात. हे काम कशामुळे घटले आहे आणि त्यातले किती परत मिळू शकेल, हे ते सांगू शकत नाहीत. शिवाय काही नेफ्रॉन निकामी झाले की उरलेले जास्त काम ओढतात, त्यामुळे बरीच हानी होईपर्यंत क्रिएटिनिन फारसे हलत नाही. दोन रुग्णांचा ईजीएफआर सारखाच ३५ असू शकतो, आणि तरीही एकाच्या मूत्रपिंडात औषधाने ओसरेल असा दाह असतो, तर दुसऱ्याच्या मूत्रपिंडात तीच जागा तंतूंनी व्यापलेली असते. दोघांचे उपचार आणि दोघांचे भवितव्य एकसारखे असू शकत नाही.

हा भेद आज खात्रीने करता येतो तो बायोप्सीने. पोल इव्हर्सन आणि क्लाऊस ब्रुन या डेन्मार्कमधील डॉक्टरांनी त्वचेतून सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याच्या पद्धतीचे वर्णन १९५१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि मूत्रपिंडाच्या आजारांचे आजचे बहुतेक वर्गीकरण अशा नमुन्यांच्या आधारावर उभे आहे. परंतु सुईतून येणाऱ्या बारीक नमुन्यात साधारण दहा-वीस ग्लोमेरुलस असतात, आणि त्यांवरून सुमारे दहा लाखांविषयी अनुमान करावे लागते. फायब्रोसिस सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे सुई एका बाजूला थोडी सरकली तर उत्तर बदलू शकते. रक्तस्रावाचा धोका थोडा असला तरी असतोच, आणि आजाराचा प्रवास पाहण्यासाठी दर काही महिन्यांनी बायोप्सी करत राहणे कोणाच्याही मनात येणार नाही. किरणोत्सार नसलेली, रुग्णाच्या खाटेशेजारी करता येणारी आणि हवी तितक्यांदा पुन्हा करता येणारी सोनोग्राफी या कामासाठी वापरावी, ही कल्पना त्यातून आली.

सोनोग्राफीचे यंत्र प्रोबमधून, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या दांड्यातून, ध्वनिलहरी शरीरात पाठवते. प्रौढांच्या मूत्रपिंडासाठी त्यांची वारंवारता सामान्यतः २ ते ५ मेगाहर्ट्झ असते, म्हणजे कानाला ऐकू येण्याच्या मर्यादेच्या शंभर ते अडीचशे पट. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर आहे असे यंत्र गृहीत धरते, परत आलेल्या प्रतिध्वनीला किती वेळ लागला त्यावरून खोली ठरवते आणि प्रतिध्वनी किती जोरकस आहे त्यावरून त्या ठिपक्याची चमक ठरवते. प्रतिध्वनी उमटतो तो दोन वेगळ्या गुणधर्मांच्या पदार्थांच्या सीमेवर. कोलॅजनचा एकेक तंतू यात दिसण्याचा प्रश्नच नाही. तो या लहरींच्या लांबीपेक्षा कितीतरी पटींनी बारीक असतो.

सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत भरवशाचे मोजमाप लांबीचे. प्रौढाचे निरोगी मूत्रपिंड साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांब असते, डावे उजव्यापेक्षा किंचित मोठे असते, आणि उंची व वय यांप्रमाणे यात फरक पडतो. दोन्ही मूत्रपिंडे ८ सेंटिमीटरपर्यंत आक्रसलेली असतील आणि क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर आजार जुना आहे आणि त्यात भरून न येणारी हानी झालेली आहे, हे जवळजवळ निश्चित समजावे. मात्र मधुमेहात, अमिलॉइडोसिसमध्ये (अवयवांत विकृत प्रथिन साचण्याच्या आजारात) आणि एचआयव्हीशी निगडित मूत्रपिंडविकारात मोठी हानी होऊनही लांबी नेहमीइतकी किंवा थोडी अधिकच राहू शकते. दुसरी फसगत मूत्रपिंडाच्या मध्यभागी असलेल्या चरबीमुळे होते. बाहेरचा कॉर्टेक्स झिजत जातो तशी आतली चरबी वाढून ती जागा भरते, आणि बाहेरून मोजलेली लांबी बराच काळ ठीकठाक दिसत राहते.

म्हणून कॉर्टेक्सची जाडी स्वतंत्रपणे मोजणे माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे, आणि अनेक अहवालांत ती दिलेलीच नसते याचे आश्चर्य वाटते. मूत्रपिंडाच्या आवरणापासून मेड्युलाच्या त्रिकोणी पिरॅमिडच्या तळापर्यंतचे हे अंतर निरोगी प्रौढात साधारण ७ ते १० मिलिमीटर असते. सीकेडी असलेल्या रुग्णांमध्ये लांबीपेक्षा या जाडीचा ईजीएफआरशी अधिक जवळचा संबंध असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. अडचण अशी, की आजार वाढला की पिरॅमिड ओळखू येईनासे होतात आणि नेमके कुठपर्यंत मोजायचे हेच धूसर होते. अशा वेळी कॉर्टेक्स व मेड्युला मिळून संपूर्ण गराची जाडी मोजतात. मोजमाप काही मिलिमीटरांचे असल्याने दोन तपासणाऱ्यांच्या आकड्यांत एक-दोन मिलिमीटरांचा फरक पडला तरी त्याचा परिणाम मोठा असतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

येथे एक अपवाद नोंदवायला हवा. लहानपणी मूत्र उलटे वर चढण्याच्या विकारामुळे आणि त्यासोबतच्या जंतुसंसर्गामुळे मूत्रपिंडाच्या टोकांना जे ठसठशीत वण पडतात, ते साध्या सोनोग्राफीत कडेला खाच पडल्यासारखे आणि त्या जागी गर पातळ झाल्यासारखे दिसू शकतात. दोन मूत्रपिंडांच्या लांबीत दीड सेंटिमीटरहून अधिक तफावत असेल, तर लहान बाजूची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे का हेही पाहावे लागते. सीकेडीतील सर्वदूर पसरणारा सूक्ष्म फायब्रोसिस यापेक्षा निराळा असतो.

आता चमक, म्हणजे एकोजेनिसिटी. निरोगी मूत्रपिंडाचा कॉर्टेक्स पडद्यावर शेजारच्या यकृताइतकाच किंवा त्याहून थोडा काळसर दिसतो. तो यकृतापेक्षा उजळ दिसू लागला की एकोजेनिसिटी वाढली असे म्हणतात. फायब्रोसिसमुळे असे होऊ शकते हे खरे. पण नलिकांत साचलेली प्रथिने आणि ऊतींत शिरलेल्या दाहपेशी यांमुळेही तसेच होते. नलिकांमधल्या जागेच्या तीव्र दाहात मूत्रपिंड मोठे आणि उजळ दिसते, आणि तो आजार वेळेवर उपचार मिळाल्यास सुधारू शकतो. शिवाय तुलनेचा आधार असलेले यकृत स्वतः बदललेले असेल तर सगळा हिशेब चुकतो. चरबी साचलेले यकृत आधीच उजळ असते, आणि त्याच्या शेजारी आजारी मूत्रपिंडही साधारण भासते. यंत्रावरील चमक कमी-जास्त करण्याची कळ, पोटावरील चरबीची जाडी आणि तपासणाऱ्याची नजर हे घटक वेगळेच.

याच चमकेवरून आणि कॉर्टेक्स-मेड्युला फरक किती पुसटला आहे त्यावरून अहवालातील ‘ग्रेड’ ठरतो. सीकेडीचे टप्पे ठरतात ते ईजीएफआरवरून आणि लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनावरून. हे दोन वेगळे मापदंड आहेत, आणि सोनोग्राफीतील ग्रेड २ म्हणजे आजाराचा दुसरा टप्पा असा अर्थ मुळीच होत नाही. या गोंधळातून काही रुग्ण विनाकारण धास्तावतात आणि काही विनाकारण निर्धास्त राहतात.

डॉप्लर तपासणी रक्तप्रवाहाकडे पाहते. हृदयाच्या ठोक्यासरशी रक्ताचा वेग कमाल होतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीच्या शेवटी तो किमान होतो. कमाल वेगातून किमान वेग वजा करून आलेल्या संख्येला कमाल वेगाने भागले की रेझिस्टिव्ह इंडेक्स मिळतो. मूत्रपिंडाच्या आतील धमन्यांत तो साधारण ०.६ असतो आणि ०.७ पर्यंत सामान्य मानला जातो. फायब्रोसिसमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या कमी होतात, प्रवाहाला विरोध वाढतो आणि इंडेक्स वर जातो, असे त्यामागचे तर्कशास्त्र. २००१ आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी या आकड्याला वजन मिळवून दिले. पहिल्यात अरुंद झालेली मूत्रपिंडाची धमनी रुंद करूनही ०.८ किंवा अधिक इंडेक्स असलेल्यांना फायदा होण्याची शक्यता कमी दिसली, आणि दुसऱ्यात प्रत्यारोपित मूत्रपिंडांसाठीही तेवढा इंडेक्स वाईट लक्षण ठरला. मात्र २०१३ मध्ये प्रत्यारोपणाच्या रुग्णांवरील एका अभ्यासाने वेगळाच प्रकाश टाकला: हा इंडेक्स प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या ऊतींपेक्षा ते ज्याच्या शरीरात बसवले आहे त्या व्यक्तीच्या वयाशी आणि रक्ताभिसरणाशी अधिक निगडित होता. धमन्या वयाने ताठर झालेल्या व्यक्तीत मूत्रपिंड बरे असूनही इंडेक्स वर असू शकतो. रुग्णाचे पुढे काय होईल याची सूचना म्हणून त्याला मोल आहे. वणाचे माप म्हणून मी त्याच्यावर विसंबणार नाही.

या सगळ्यानंतर ज्या तंत्राकडून सर्वांत मोठ्या अपेक्षा बाळगल्या गेल्या ते म्हणजे इलॅस्टोग्राफी. वण पडलेली ऊती ताठर होते, तेव्हा ताठरपणाच मोजावा, हा विचार सरळ आहे. आजच्या यंत्रांमध्ये प्रोब एक जोरकस ध्वनिस्पंद ऊतीच्या एका बिंदूवर सोडतो आणि त्या धक्क्याने ऊती काही सहस्रांश मिलिमीटर हलते. त्या हालचालीतून आडव्या दिशेने एक लहर पसरते; तिला शिअर वेव्ह म्हणतात. तिचा वेग सेकंदाला काही मीटरच असतो, त्यामुळे यंत्र अतिवेगाने प्रतिमा टिपून तिचा माग काढू शकते. ऊती जितकी ताठर तितकी लहर वेगवान. ताठरपणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून सेकंदाला २ मीटर वेग म्हणजे सुमारे १२ किलोपास्कल (ताठरपणाचे एकक), आणि ३ मीटर म्हणजे सुमारे २७ किलोपास्कल. काही यंत्रे वेग देतात आणि काही किलोपास्कल, तेव्हा दोन अहवालांची तुलना करण्यापूर्वी एकक पाहणे आवश्यक असते.

यकृतासाठी याच तत्त्वावर चालणारी तपासणी २००३ पासून पुढे आली आणि तिने पुष्कळ रुग्णांची बायोप्सी टाळली. साहजिकच तेच मूत्रपिंडात करून पाहिले गेले, आणि निकाल गोंधळात टाकणारे निघाले. काही अभ्यासांत सीकेडीच्या रुग्णांचे मूत्रपिंड निरोगी लोकांपेक्षा ताठर आढळले, तर काहींत चक्क मऊ. यंत्रांतील फरक हे त्याचे एक कारण असले, तरी खरे कारण मूत्रपिंडाच्या घडणीत आहे.

मूत्रपिंड हा रक्ताने तुडुंब भरलेला अवयव आहे. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी वजनाच्या या जोडीला विश्रांतीच्या अवस्थेत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा भाग मिळतो, म्हणजे मिनिटाला सुमारे एक लिटर, आणि त्यातला बहुतांश कॉर्टेक्सकडे जातो. त्याभोवतीचे आवरण फारसे ताणले जात नाही. सायकलची ट्यूब हवा भरल्यावर टणक लागते, तेव्हा रबर बदललेले नसते. मूत्रपिंडाच्या ताठरपणाचा मोठा भाग असाच आतल्या दाबातून येतो. डुकरांच्या मूत्रपिंडांवरील २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले: धमनी बंद केली की ताठरपणा खाली आला, शीर बंद केली की वर गेला, आणि मूत्राचा दाब वाढवला तरीही वर गेला. यापैकी कशातही एक नवा तंतू तयार झालेला नव्हता.

आता सीकेडीत काय होते ते पाहा. कोलॅजन वाढल्याने ऊती ताठर व्हायला हवी; पण त्याच वेळी केशवाहिन्या विरळ होऊन रक्तपुरवठा घटतो आणि त्यामुळे ती मऊ व्हायला हवी. दोन्ही परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात. कोणता वरचढ ठरेल हे आजाराच्या अवस्थेवर, रक्तदाबावर आणि रुग्ण कोणती औषधे घेतो यावरही अवलंबून राहते. एकाच आकड्यात दोन विरुद्ध बदल मिसळले, तर त्या आकड्यावरून वणाचे प्रमाण सांगता येणे कठीण, आणि परस्परविरोधी निष्कर्षांचे हेच सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे.

दिशेचाही प्रश्न आहे. मेड्युलातील नलिका आणि रक्तवाहिन्या आतून बाहेरच्या दिशेने किरणांसारख्या मांडलेल्या असतात. त्यांच्या रोखाने धावणारी शिअर वेव्ह आणि त्यांना आडवी छेदत जाणारी शिअर वेव्ह यांचे वेग वेगळे येतात, म्हणून प्रोब कोणत्या कोनातून ठेवला त्यानुसार तोच अवयव ताठर किंवा मऊ ठरू शकतो. यकृताची घडण सर्व दिशांनी बऱ्याच अंशी सारखी असल्याने तेथे ही अडचण जाणवत नाही. भरीस भर म्हणजे मूत्रपिंड पाठीकडे खोलवर असते, श्वासाबरोबर वर-खाली सरकते, आणि स्थूल व्यक्तीत ध्वनिस्पंद तिथवर पोहोचेपर्यंत क्षीण होतो. प्रत्यारोपित मूत्रपिंड ओटीपोटात, कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला, त्वचेखाली थोड्याच खोलीवर बसवलेले असते आणि श्वासाने फारसे हलत नाही, त्यामुळे तेथे मोजमाप अधिक स्थिर मिळते. रक्ताच्या दाबाचा परिणाम मात्र तेथेही राहतोच.

रक्तपुरवठा अडथळा ठरतो, तर सरळ तोच मोजावा असा दुसरा मार्ग आहे. शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचे द्रावण देतात. सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा वायू मेदाच्या पातळ कवचात भरलेले हे बुडबुडे तांबड्या रक्तपेशींहून मोठे नसतात, रक्तवाहिन्यांच्या बाहेर पडत नाहीत आणि त्यांतील वायू शेवटी फुप्फुसांवाटे निघून जातो. तो मूत्रपिंडांतून बाहेर टाकावा लागत नसल्याने सीटी स्कॅनच्या आयोडीनयुक्त द्रावणाबाबत सीकेडीच्या रुग्णांत जी काळजी घ्यावी लागते ती येथे लागत नाही. जोरकस स्पंदाने कॉर्टेक्समधील बुडबुडे फोडायचे आणि तो भाग पुन्हा किती वेगाने भरतो ते पाहायचे, यावरून सूक्ष्म रक्ताभिसरणाचा अंदाज येतो. केशवाहिन्यांचे विरळ होणे फायब्रोसिसच्या जोडीनेच घडत असल्याने ही खूण मला इलॅस्टोग्राफीहून अधिक आश्वासक वाटते. एकेका बुडबुड्याचा माग काढून अतिसूक्ष्म वाहिन्यांचा नकाशा तयार करण्याचे तंत्र २०१५ मध्ये उंदरांच्या मेंदूवर दाखवले गेले, आणि मूत्रपिंडावरही त्याचे प्रयोग चालू आहेत.

संगणकाला हजारो सोनोग्राफी प्रतिमा दाखवून त्यांवरून ईजीएफआरचा किंवा फायब्रोसिसचा अंदाज करायला शिकवण्याचे प्रयत्नही होत आहेत. माणसाच्या नजरेतून निसटणारे पोताचे बारकावे त्याला टिपता येतात हे खरे, पण एका यंत्राच्या प्रतिमांवर शिकलेली प्रणाली दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या तपासणाऱ्याच्या हातात तशीच चालेल हे गृहीत धरता येत नाही.

यापैकी कोणतेही तंत्र आज बायोप्सीची जागा घेत नाही. परंतु बायोप्सी करावी की नाही, या निर्णयात सोनोग्राफीचा वाटा मोठा असतो. क्रिएटिनिन अचानक वाढलेल्या एखाद्या व्यक्तीची मूत्रपिंडे ११ सेंटिमीटर लांब आणि कॉर्टेक्स जाड असेल, तर चमक वाढलेली असूनही उपचाराने सुधारणारा आजार असण्याची शक्यता खुली राहते, आणि बायोप्सी लवकर करणे योग्य ठरते. तीच मूत्रपिंडे साडेसात सेंटिमीटरची, पातळ कॉर्टेक्सची आणि पांढुरकी असतील, तर सुई घालून बहुधा वणच हाती लागतील आणि रक्तस्रावाचा धोका मात्र अधिक असेल, म्हणून डॉक्टर सहसा थांबतात. मधल्या अवस्थेत, उदाहरणार्थ ९.५ सेंटिमीटर लांबी, ६ मिलिमीटर कॉर्टेक्स आणि थोडी वाढलेली चमक असताना, एकाच दिवसाच्या प्रतिमेपेक्षा जुने अहवाल अधिक बोलके ठरतात. दोन वर्षांपूर्वीही हेच आकडे असतील तर आजार सावकाश चालला आहे, आणि तेव्हा लांबी ११ सेंटिमीटर असेल तर मधल्या काळात नेमके काय घडले याचा शोध घ्यावा लागतो. म्हणून दर वेळी शक्यतो त्याच ठिकाणी तपासणी करून घेणे, अहवालात केवळ ग्रेड न लिहिता दोन्ही बाजूंची लांबी व कॉर्टेक्सची जाडी मिलिमीटरमध्ये मागणे, आणि त्याच सुमाराचे क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिनचे आकडे सोबत ठेवणे मूत्रपिंडतज्ज्ञाच्या दृष्टीने फार उपयोगाचे असते.